डावीकडचे पत्ते

मला डावीकडचं दिसत नाही. डोळे ठीक आहेत, चष्म्याचा नंबरही किरकोळ आहे. पण सरळ बघत असताना डाव्या अंगाला जे काही असतं ते माझ्यापुरतं नसतंच. मान वळवली की उगवतं. दोन ऑपरेशनं झाली, जीव वाचला, डावी बाजू गेली. मला डावीकडचं दिसत नाही ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली ती डॉक्टरांनी नव्हे, आमच्या मालकांनी, आणि तीसुद्धा पत्त्यांचा नवा सेट कसा खेळला जाईल यावर बोलता बोलता. मी तेव्हा मुलीला रोज स्कूटरवर मागे बसवून शाळेत सोडायला जात होतो. त्यामुळे मालकांची आठवण आली की आधी ती स्कूटर आठवते आणि मग ते. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं.

मालक म्हणजे माझे घरमालक नव्हेत. कोपरखैरण्याच्या गावठाणात त्यांची चार मजली इमारत होती, आणि तिच्या पहिल्या मजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीत आम्ही आठ-दहा जण दर रविवारी दुपारी पत्ते खेळायचो. पत्ते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तीनपत्ती येते, आणि माझ्या सासूबाईंच्या डोळ्यांपुढे थेट पोलीस. आमचे पत्ते वेगळे. प्रत्येकावर एक चित्र आणि खाली बारीक अक्षरात तो पत्ता काय करतो ते लिहिलेलं. हजारो पत्त्यांतून आपले साठ निवडायचे, त्याला डेक म्हणतात, आणि समोरच्याच्या साठांशी लढायचं. दर तीन-चार महिन्यांनी कंपनी नवे शे-दोनशे पत्ते काढते, तो नवा सेट. तो आला की जुनी सगळी मांडणी विस्कटते. काल जिंकणारा डेक आज मार खातो. कुठला डेक चालतोय आणि कुठला पडलाय, त्या हवेला आमच्यात ‘मेटा’ म्हणतात. सेट बाजारात यायच्या आधी ही हवा ओळखणं हा आमच्यात खेळाइतकाच मोठा खेळ होता.

पत्त्यांची यादी दोन आठवडे आधी नेटवर फुटायची आणि आमचा फोन तापायला लागायचा. शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई आमच्यात होत्या. त्या लॅपटॉपवर कोष्टकं मांडायच्या. चौथ्या पाळीपर्यंत अमुक पत्ता हातात यायची शक्यता किती, वगैरे. एक बँकवाला होता, तो परदेशातल्या पोरांचे व्हिडिओ बघून यायचा आणि ती मतं आपली म्हणून सांगायचा. मी रबाळ्याच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात आहे, बिलातली चूक लांबून दिसते मला. टेबलावरची एकही गोष्ट माझ्या नजरेतून सुटत नाही अशी माझी ख्याती होती, आणि ती मुख्यतः मीच पसरवली होती. प्रत्येक पाळीला माझं एक ठरलेलं वाक्य असायचं: “सगळं लक्षात आहे.”

मालकांची रीत निराळी होती. यादी आली की ते घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढायचे. आगरी घर, त्यात गावात मान. पत्रिकांची कमी नव्हती. जाड पुठ्ठ्याच्या त्या पत्रिका कात्रीनं सारख्या मापात कापायचे आणि कोऱ्या बाजूवर बॉलपेननं नव्या पत्त्यांची नावं लिहायचे. पालथी बाजू तशीच राहायची. त्यामुळे त्यांच्याशी खेळताना कुठे अर्धा गणपती, कुठे ‘चि. सौ. कां.’, कुठे ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ असं आपल्याकडे बघत असायचं. पत्ते तयार झाले की दार लोटून चार दिवस ते एकटेच खेळत. दोन खुर्च्या, एक लाल, एक निळी. आलटून पालटून दोन्हींवर बसायचे.

“एकट्यानं खेळून काय कळतं मालक?” मी एकदा विचारलं होतं.

“एकटा कुटं खेलतंय?” ते म्हणाले. “पत्ता काय करतो ते त्याच्यावर लिवलेलं हाय. मानूस त्याचं काय करील ते कुटं लिवलंय? ते बसून बगावं लागतं. त्याच्या जागेवर.”

हे बोलणं मी तेव्हा नुसतं बोलणं समजलो. मालक साठीच्या पुढचे, काळेसावळे, अंगात सदैव बाह्या दुमडलेला शर्ट, वाचायचा चष्मा गळ्यात दोरीनं अडकवलेला. तरुणपणी वडिलांच्या मिठागरावर राबलेले. मिठागरं गेली, तिथे नवी मुंबईचे सेक्टर झाले. मग वीस वर्षं त्यांनी एका कंपनीची बस चालवली, पहाटेच्या पाळीचे कामगार उचलायचे आणि रबाळ्याला सोडायचे. माणसं ओळखायला मी तिथं शिकलो, असं सांगायचे. “आरशात मानूस खरा दिसतो. तोंडावर बगलं का सावध होतो.” कोण उद्या कामावर येणार नाही हे त्यांना आदल्या दिवशी आरशात कळायचं म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या थांब्यावर ते बसचा वेगच कमी करायचे नाहीत. थांबा रिकामाच असायचा. एकदा एका फिटरसाठी त्यांनी असा वेग कमी केला नाही. तो त्या दिवशी आला नाही आणि पुढेही कधी आला नाही. “काय झालं होतं त्याला?” असं विचारल्यावर मालक म्हणाले, “मना काय म्हाईत? मी बस चालवीत व्हतो.”

एका रविवारी मी तासभर लवकर गेलो. जिन्यात असतानाच वरून बँकवाल्याचं खाकरणं ऐकू आलं. दोनदा छोटं, एकदा मोठं, आणि मग त्याचं नेहमीचं, “बघू, बघू. पाणी आहे का कुणाकडे?” मला वाटलं, हाही आज लवकर आला. दार ढकललं तर आत मालक एकटेच निळ्या खुर्चीत. हातातले पत्ते बँकवाला धरतो तसे छातीशी घट्ट. मालकांना जन्मात ‘ण’ म्हणता आला नव्हता, पाण्याला पानीच म्हणायचे. पण मी ऐकलं ते स्वच्छ ‘पाणी’ होतं. त्यांनी मान वर केली. बँकवाला ओळखीच्या माणसाकडे बघून अर्धाच हसतो, तसे अर्धे हसले. ते तसेच उठले, दोन्ही हात झटकले, खिडकीशी गेले आणि खाली बायकोला हाक मारली, “चाय ठेव गो.” हा आवाज त्यांचा होता. ते चहासाठी हाक मारत नव्हते हे मला पुढे कळलं. आपला आवाज परत आलाय का, हे बघत होते.

तासाभरानं खरा बँकवाला आला, दोनदा छोटं आणि एकदा मोठं खाकरला आणि पाणी मागितलं. मी टेबलाखाली काहीतरी पडल्यासारखं केलं, कारण त्याच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

त्या वेळच्या सेटमध्ये एक पत्ता होता, त्याला आम्ही ‘उधाण’ म्हणायचो. तो टाकला की टेबलावरचे दोन्हीकडचे सगळे पत्ते वाहून जायचे. सगळं नेट म्हणत होतं की आता खेळ संपला, जो उधाण टाकील तो जिंकील. बाईंचं कोष्टक म्हणत होतं की हा पत्ता वेळेवर हातात येण्याची शक्यता चांगली आहे. मालक म्हणाले, “मिलेल ना, मिलेल. पन मिलून वापरनार नाय. समोर आजून दोन पत्ते येऊ दे, मंग टाकतो, असा करीत बसनार आनि तसाच मरनार. दोन रविवार. तिसऱ्याला कोनाच्या डेकात दिसला तर मना सांगा.” तिसऱ्या रविवारी एकाच्याही डेकमध्ये तो पत्ता नव्हता. बँकवाल्यानं तो हातात धरून सलग चार डाव घालवले होते. बाईंनी त्या दिवशी लॅपटॉप बंद करून मालकांना नमस्कार केला. चेष्टेनं केला खरा, पण हात नीट जोडले होते.

हे कसं जमतं ते मी त्यांना विचारलं, तेव्हा ते जरा नाराज झाले. जमतं म्हणजे काही कला आहे असं त्यांना वाटत नव्हतं. “सोपा हाय,” म्हणाले. “फक्त लय टाइम बसू नये कोनाच्या जागेवर. जागा धरते.” मी हसलो. ते हसले नाहीत.

मग आली राखणदारांच्या सेटची यादी. राखणदार हे पत्ते लढाईत उतरत नाहीत. खेळणाऱ्यानं ते आपल्या डाव्या हाताला, टेबलाच्या कडेला मांडून ठेवायचे आणि दर पाळीला त्यांचा उपयोग करून घ्यायचा. वापरायचं राहून गेलं तर त्या पाळीचा फायदा बुडाला. सगळ्यांचं एकमत होतं की यापुढे राखणदारांचंच राज्य. मी तर खूश होतो, कारण न विसरणाऱ्या माणसासाठीच हा सेट काढलाय असं मला वाटलं. महिन्याभरानं वाशीला मोठी स्पर्धा होती. मी साठातले बारा पत्ते राखणदारांचे घ्यायचे ठरवले आणि सगळ्यांना सांगत सुटलो की या वेळी मी शेवटच्या फेरीपर्यंत जाणार.

त्या दिवसांत घरी माझं एका चटणीवरून बिनसलं होतं. बायको बार्शीची. तिच्या आईकडून दर दोन महिन्यांनी शेंगदाण्याची चटणी येते, आणि आमच्याकडे अजून ताट रीतसर वाढलं जातं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी. मी चटणी खाणं सोडलं होतं. म्हणजे असं बायकोचं म्हणणं होतं. सासूबाई दिवाळीत माझ्या पत्त्यांवरून काहीतरी बोलल्या होत्या, त्याचा राग मी चटणीवर काढतोय अशी तिची खात्री झाली होती. “बोलायचं तर तोंडावर बोल ना,” ती म्हणायची. “माझ्या आईची चटणी रोज तशीच टाकून उठतोस, मला दिसत नाही का?” मी म्हणायचो, तू वाढतच नाहीस. मग दोन दिवस अबोला. मला मनापासून वाटायचं की ती खोटं बोलतेय. स्कूटरचा डावा आरसाही त्याच सुमारास दोनदा फुटला होता, आणि त्याचं खापर मी कोपरखैरण्याच्या पार्किंगवर फोडून मोकळा झालो होतो.

सेट यायच्या आदल्या रविवारी मालकांनी प्रत्येकाचं भाकीत सांगितलं. बाईंना म्हणाले, तू वर जाशील. बँकवाल्याला म्हणाले, तुना बरा हाय हा सेट. माझ्याबद्दल काही बोललेच नाहीत. सगळे गेल्यावर मला थांबवलं.

“तू पयल्या फेरीत भाईर,” म्हणाले.

मी चिडलो. “का? मी कधी काय विसरलोय?”

“इसरनारा मानूस येगला. त्याला मागनं आटवतं, कपालावर हात मारतो. तुना आटवतच नाय.” ते म्हणाले. “चार दिस तुज्या जागेवर बसलो. डावीकडं पत्ताच नसतो रं. मीच मांडलेला, माज्या हातानं. तुज्यासारका बसलो का नसतो.”

मी म्हटलं, दाखवा. भांडणाच्या सुरातच म्हटलं.

त्यांनी निळी खुर्ची हातानं पुसली आणि बसले. मी समोर लाल खुर्चीत. त्यांनी अंगठ्यानं करंगळीशेजारचं बोट चोळायला सुरुवात केली; मी माझी अंगठी तशी फिरवतो हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, ती त्या दिवशी मी बघितली. पत्रिकांचे पत्ते पडत गेले. त्यांच्या डाव्या हाताशी, म्हणजे माझ्या उजवीकडे, एक राखणदार स्पष्ट दिसत होता. पाळी आली की त्यांची नजर उजव्या टोकापासून निघायची, मधोमध यायची आणि तिथेच टेबल संपल्यासारखी परत फिरायची. “सगळं लक्षात आहे,” ते म्हणाले. माझ्या आवाजात, माझ्या ‘ळ’ आणि ‘आहे’सकट. राखणदार तिथंच पडून होता. पुढची पाळी. परत तेच. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे, बाजूला बघ, आहे ना तिथं.

ते उठले, हात झटकले, खिडकीतून चहाची हाक दिली. मग पाठमोरेच म्हणाले, “घरी चटनी खातंस का तू?”

मालकांनी माझ्या घरचं कधी पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. मी तडक निघालो. खाली जिन्याच्या तोंडाशी काकी, म्हणजे मालकांच्या बायको, कपबशी घेऊन उभ्या होत्या. “काय खेलता रं तुमी वर?” त्या म्हणाल्या. “चार दिस झाले, डाव्या हाताशी चाय ठेवतंय तर बगत नाय. थंड होऊन जाते. परत मनाच बोलतो, चाय कुटं हाय.” त्यांच्या कपातल्या चहावर साय धरलेली होती.

संध्याकाळी जेवायला बसलो. ताटात भाजी होती, आमटी होती, भात होता. “चटणी?” मी विचारलं. बायकोनं कपाळाला आठ्या घातल्या. मी ताट दोन्ही हातांनी धरून अर्धं फिरवलं. चटणी आली. लिंबू आलं, काकडीची कोशिंबीर आली. भाजी आणि आमटी गेली. मी पुन्हा फिरवलं. भाजी आली, चटणी गेली. मुलगी हसायला लागली, तिला वाटलं बाबा जादू करतोय. बायको हसली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिच्या मनात चटणी नाही, स्कूटर आली होती हे मला तिनं न बोलता समजलं. चटणी सुटल्यापासून पाच महिने मी त्या पोरीला मागे बसवून गाड्यांच्या गर्दीतून नेत होतो. अर्धा रस्ता बघून.

पुढचं सगळं दवाखान्याचं आहे. डोक्याच्या उजव्या भागात मागच्या बाजूला गाठ निघाली. साधी होती, पण वाढत होती. ऑपरेशन झालं आणि बरीचशी डावी बाजू परत आली. मी अंथरुणावर असताना बाई वाशीची स्पर्धा खेळल्या आणि शेवटच्या चारांत पोचल्या. सेटबद्दल मालक म्हणाले होते तसंच सगळं झालं. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी स्कूटर चालवायला परवानगी दिली. एक गोष्ट मात्र बजावली: गाठ परत येऊ शकते, वर्षाला एकदा तपासा.

वर्षाला एकदा म्हणजे मधले तीनशे चौसष्ट दिवस काय करायचं? जे दिसत नाही ते दिसत नाहीये हेच मला कळत नाही, हा या आजारातला सगळ्यात वाईट भाग. अंधार पडला असता तर तो तरी दिसला असता. इथे काहीच होत नाही, जग फक्त थोडं अलीकडे संपतं. बायकोला विचारायचो, ती बिचारी चटणी संपली का ते रोज बघायची, पण आता मी मुद्दाम मान वळवून खायचो, त्यामुळे तिचा हिशेब खरा नव्हता. मला खरं सांगू शकणारा एकच माणूस होता. म्हणून प्रत्येक नव्या सेटच्या आधी मी मालकांकडे जायचो आणि म्हणायचो, माझ्या जागेवर बसा. जागा धरते असं ते म्हणाले होते. काकींचा थंड चहा मी डोळ्यांनी बघितला होता. तरी जायचो. त्याची मला आजही लाज वाटते, पण तेव्हा मागे बसणारी मुलगी डोळ्यांपुढे असायची.

पहिल्या वेळी ते चार दिवस बसले आणि मग मला बोलावून समोर खेळले. मी श्वास रोखून त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होतो. हात सरळ जाऊन कडेचा पत्ता घेऊन आला. “सगळं लक्षात आहे,” माझा आवाज म्हणाला. मी तिथंच रडलो. दुसऱ्या सेटला तसंच. तिसऱ्यालाही तसंच. मालक खंगत चालले होते, हातातली वस्तू कुठे ठेवायची ते क्षणभर विसरायचे, आणि हाक मारून आवाज परत यायला आता दोन-तीन हाका लागायच्या. “बास कर आता,” काकी एकदा मला म्हणाल्या. मी मान हलवली आणि पुढच्या सेटला पुन्हा गेलो.

त्या रविवारी बायको बार्शीला गेली होती, म्हणून मुलीला बरोबर नेलं. ती तिसरीत होती. मालक आधीच चार दिवस बसलेले होते, पत्रिकांचे नवे पत्ते टेबलावर मांडलेले होते. मुलीला बघून ते चपापले.

“आज नको,” म्हणाले. “फुडच्या रविवारी ये. एकटा ये.”

“मालक, आजच. मला झोप लागत नाही.”

“आजोबा, बाबा कसा खेळतो ते करून दाखवा ना,” मुलगी म्हणाली. मी तिला घरी सगळं सांगून ठेवलं होतं; तिच्या दृष्टीनं ही नकलेची गंमत होती.

त्यांनी तिच्याकडे बघितलं. “बस बाय,” म्हणाले, आणि निळ्या खुर्चीत बसले. खुर्ची पुसली नाही. अंगठ्यानं बोट चोळलं. पत्ते पडत गेले. त्यांची पाळी आली, डावा हात न अडखळता कडेला गेला आणि राखणदार उचलून मधोमध घेऊन आला. अगदी सहज.

“सगलं लक्षात हाय,” ते म्हणाले.

मुलीनं टाळ्या वाजवल्या. “बाबा, दिसला तुला,” ती म्हणाली. मालकांनी मान वर केली नाही. कुणाच्याही खुर्चीत बसल्यावर त्यांच्या तोंडून त्यांची स्वतःची बोली येते असं मी कधी ऐकलं नव्हतं. ते माझ्या जागेवर बसलेच नव्हते. आपल्या जागेवरून, आपल्या डोळ्यांनी, आपण मांडलेला पत्ता त्यांनी उचलला होता. माझ्यासारखं बसून काय होतं ते त्यांना चार दिवसांत कळलं होतं, आणि पोर समोर असताना ते दाखवायचं त्यांच्यानं झालं नाही. आयुष्यात ते तेवढं एकदाच खोटं खेळले असतील.

“बरा आहे ना सेट?” मी विचारलं.

“बरा हाय,” ते म्हणाले. “पन डाक्टरकडं जाऊन ये. उद्याच जा.”

मी त्यांच्या पाया पडलो. एरवी त्यांनी पाय मागे घेतले असते, त्या दिवशी घेतले नाहीत. खाली आलो. स्कूटर फाटकाशी लावलेली होती. किल्ली हातात घेतली आणि परत खिशात टाकली. मुलगी म्हणाली, चालत? मी म्हटलं, चालत. उन्हं कलली होती, रस्त्याच्या एका कडेला इमारतींची सावली पडली होती आणि मुलगी नेहमीसारखा माझा डावा हात धरून निघाली. चार पावलं गेल्यावर माझ्या लक्षात आलं की हातात तिचा हात आहे, गरम, घामट, आणि ती नाही. मी थांबलो. तिला पुढून फिरवून उजव्या बाजूला घेतलं. तिचा पिवळा फ्रॉक आला, दोन वेण्या आल्या, ती आली.

“पण बाबा, सावली तिकडे आहे,” ती म्हणाली.

“असू दे,” मी म्हटलं. “जरा ऊन लागू दे.”